डिचोलीचा वामन

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात.

विषय मला सुचला तो एका मोबाईल स्टेटसमुळे. आमच्या वर्गात डिचोलीची, म्हणजे गोव्याची, एक मुलगी आहे. सेकंड इयरला असताना एप्रिलच्या ९ तारखेला तिने एका गृहस्थांचा जुना फोटो ठेवला होता. सबमिशनचे दिवस, सगळ्यांचे स्टेटस जर्नल आणि एक्सटर्नलच्या जोक्सनी भरलेले, आणि हिचा हा फोटो. मला वाटलं पणजोबा असतील. विचारल्यावर ती म्हणाली की हे शणै गोंयबाब, आणि आज कोंकणी दिवस आहे. मी हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तिला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, आणि तेच मला जरा लागलं. मराठी माणसांना हे नाव माहीत नसणं तिने गृहीतच धरलं होतं.

त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. काही गोष्टी तिने कोंकणीतून वाचून सांगितल्या. त्यातून या माणसाचं जे चित्र माझ्यासमोर उभं राहिलं ते इथे लिहीत आहे.

त्यांचं खरं नाव वामन रघुनाथ शणै वर्दे वालावलीकर. जन्म २३ जून १८७७, डिचोली. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरात बोलायची भाषा कोंकणी. पण वामन शाळेत गेला तो मराठी शाळेत. गोव्यातल्या हिंदू घरांमधून तेव्हा असंच चालायचं. स्वयंपाकघरात कोंकणी, पोथी मराठी, कीर्तन मराठी, पत्रव्यवहार मराठी. सरकारी काम असेल तर पोर्तुगीज. ख्रिस्ती घरांमध्ये मराठीच्या जागी पोर्तुगीज आणि लॅटिन असायची, स्वयंपाकघर मात्र तेच. म्हणजे सगळा गोवा ज्या भाषेत भांडत होता, रडत होता, बाजार करत होता, त्या भाषेला लिहिण्याच्या टेबलावर जागाच नव्हती. कोणाला ते खटकतही नव्हतं.

पुढे वामन मुंबईला आला, इंग्रजी शिकला, मॅट्रिक झाला. पोर्तुगीजही शिकला. हे पोर्तुगीज त्याला नंतर फार उपयोगी पडलं. मुंबईत ऑफिसातल्या नोकऱ्या केल्या. विद्यापीठातली खुर्ची नाही, संस्थान नाही, सरकार पाठीशी नाही. नोकरी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात भाषेचं काम करायचं, असं ते आयुष्य आहे.

मुंबईत तेव्हा गोंयकार पुष्कळ होते. धोबी तलावच्या बाजूला गावागावांचे क्लब होते, त्यांना कूड म्हणत. बोटीवर जाणारे खलाशी, खानसामे, वाजंत्री तिथे उतरत. कोंकणी नाटक, ज्याला तियात्र म्हणतात, ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेही मुंबईतच, १७ एप्रिल १८९२ रोजी. आणि कोंकणीतलं पहिलं नियतकालिक १८८९ साली निघालं ते तर पुण्यात! म्हणजे भाषा जिवंत होती, पण गोव्याच्या बाहेर, आणि मुख्यतः ख्रिस्ती कष्टकऱ्यांमध्ये, रोमन लिपीत. शिकलेला हिंदू गोंयकार मात्र चार लोकांत मराठी बोलायचा आणि कोंकणीला बोली म्हणायचा. बोली हा शब्द तसा वाईट नाही, पण ज्या सुरात तो म्हटला जातो तो सूर मला चांगलाच माहीत आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

वामनने याच्या उलट करायचं ठरवलं. जिथे लोक लपवत होते तिथे त्याने मुद्दाम कोंकणी बोलायला आणि लिहायला घेतलं. टोपणनाव घेतलं शणै गोंयबाब. त्यानंतर लोक खरं नाव जवळजवळ विसरलेच.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण गोंयबाबांनी तो खणून काढला म्हणूनच पुढचं सगळं झालं. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला होता की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. अर्थात तीन वर्षांत काय, तीनशे वर्षांतही ते झालं नाही. पण भाषेची लाज वाटायला लावण्यात मात्र असे हुकूम यशस्वी होतात. गंमत अशी की त्याच पोर्तुगीज काळात, राशोलच्या छापखान्यात, १६४० साली कोंकणीचं व्याकरण छापलं गेलं होतं. लिहिणारा थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून आलेला जेझुइट पाद्री. त्याच माणसाने मराठीत क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. एका माणसाने पुराण एका भाषेत लिहावं आणि व्याकरण दुसऱ्या भाषेचं लिहावं, यावरून पुढे दोन्ही बाजूंनी भरपूर वाद घातला गेला. १८५८ साली कुन्य रिव्हार नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कोंकणीच्या इतिहासावर मोठा निबंध लिहिला. १८९३ साली मोन्सिन्योर दालगाद यांचा कोंकणी-पोर्तुगीज शब्दकोश मुंबईत छापला गेला. ही सगळी सामग्री पडून होती. ती वाचायला पोर्तुगीज यावं लागत होतं आणि वाचून चिडायला कोंकणी असावं लागत होतं. वालावलीकर दोन्ही होते.

त्याच १८९३ साली तिकडे डब्लिनमध्ये डग्लस हाइड आणि त्यांच्या मित्रांनी गेलिक लीग स्थापन केली, आयरिश भाषा वाचवण्यासाठी. आपला वामन तेव्हा सोळा वर्षांचा होता. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण दुखणं एकच होतं. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात शाळेतल्या मुलांच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवत. मूल आयरिश बोललं की पट्टीवर एक खाच पाडायची, आणि शेवटी खाचा मोजून छड्या मारायच्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं.

कारण माझ्या शाळेत पट्टी नव्हती, पण वही होती. वर्गात इंग्रजी सोडून काही बोललं की मॉनिटर वहीत नाव लिहायचा आणि एक रुपया दंड. मी रोडपालीची, आगरी घरातली. घरी आई-बाबा माझ्याशी मराठी बोलायचे, शाळेत अडचण नको म्हणून. पण दिवसभर मी आजीजवळ असायचे आणि आजी फक्त आगरी बोलते. तिच्या तोंडात 'ण' नाही आणि 'ळ' नाही. पाण्याला पानी, डोळ्याला डोला. आई-वडील म्हणजे आयस-बापूस. पाचवीत मराठीच्या तासाला मी धडा वाचताना डोला म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला, बाईसुद्धा हसल्या. वर्षभर मला तेच नाव पडलं. म्हणजे हिशोब बघा, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलले म्हणून दंड, आणि मराठीच्या तासाला आगरी बोलले म्हणून हशा. सहावीपासून मी आजीला मराठीत उत्तरं द्यायला लागले. तिने काही म्हटलं नाही.

असो. गोंयबाबांकडे वळते.

मला त्यांच्यात सगळ्यात जास्त आवडलं ते हे की त्यांनी नुसती भाषणं ठोकली नाहीत. आपण इंजिनीअरिंगवाले एखादी सिस्टिम उभी करायची म्हटलं की आधी यादी करतो, काय काय लागेल. या माणसाने जणू तशीच यादी केली आणि एकट्याने एकेक काम उरकत गेला. भाषा आहे म्हणायचं तर तिचे ध्वनी नीट मांडलेले हवेत, म्हणून कोंकणी नादशास्त्र लिहिलं. व्याकरण हवं, तेही लिहिलं, पण ते त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. लहान मुलांना शिकवायला पुस्तक हवं, म्हणून 'भुरग्यांलो इश्ट', म्हणजे मुलांचा दोस्त. करमणूक हवी, तर मोलिएरची फ्रेंच नाटकं उचलून अस्सल गोव्याची करून टाकली. कथा हव्यात, तर 'गोमंतोपनिषत्' नावाने कथा लिहिल्या. नाव उपनिषदाचं आणि भाषा चुलीजवळची, यातच त्यांचा खट्याळपणा दिसतो. इतिहास हवा, तर 'गोंयकारांची गोंयाभायली वसणूक' हे १९२८ सालचं पुस्तक, गोव्यातले लोक गोव्याबाहेर कुठे कुठे आणि का गेले याबद्दलचं. चरित्र हवं, तर आबे फारियाचं. हा फारिया म्हणजे १७५६ साली कांदोळीला जन्मलेला पाद्री, जो पॅरिसला जाऊन संमोहनशास्त्रातला मोठा माणूस झाला. पणजीत त्याचा पुतळा आहे, गोव्याला ट्रिपला गेलेल्यांनी पाहिला असेल, एक बाई समोर कोसळते आहे आणि तो हात पुढे करून उभा आहे तो. भगवद्गीताही त्यांनी कोंकणीत आणली. पोथी फक्त मराठीत किंवा संस्कृतातच असते असं समजणाऱ्यांना ते उत्तर होतं. सगळी मिळून दोन डझनांच्या वर पुस्तकं. पुराणातल्या वामनाला तीन पावलं लागली, या वामनाला जरा जास्त लागली एवढंच!

यात सगळ्यात गाजलेलं म्हणजे १९३० सालचं 'कोंकणी भाशेचें जैत'. जैत म्हणजे विजय. भाषेला कोणी ओळखत नाही, शाळा नाही, सरकार नाही, वाचक बोटांवर मोजण्याइतके, आणि पुस्तकाचं नाव विजय! त्यात त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मांडली, की कोंकणी ही मराठीची बोली नाही, ती स्वतंत्र भाषा आहे.

आता इथे आपली, म्हणजे मराठी लोकांची, पंचाईत आहे आणि ती मला लपवायची नाही. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या मराठीवरच्या खंडात, १९०५ साली, कोंकणी ही मराठीची बोली म्हणूनच धरली होती. अ. का. प्रियोळकर हे मोठे संशोधक, स्वतः गोव्याचेच, त्यांचंही मत शेवटपर्यंत तेच होतं. उलट पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले सु. मं. कत्रे यांनी १९४२ साली कोंकणीच्या घडणीवर इंग्रजीत शास्त्रीय ग्रंथ लिहिला. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या पायाशी जी ओळ कोरली आहे, तिच्यावर मराठीचाही दावा आणि कोंकणीचाही. लहानपणापासून मी मराठी ही गरीब बिचारी भाषा आहे, तिच्यावर इंग्रजी-हिंदी आक्रमण करतात, असंच ऐकत आले. या गोष्टीत मात्र मराठी हीच दादा आहे आणि कोणीतरी तिच्यापासून स्वतःला वाचवतोय. दोन दिवस मला ते पचलं नाही.

गोंयबाबांचं सगळंच बरोबर होतं असं मला वाटत नाही. मराठीवरचा त्यांचा राग कधी कधी पुराव्याच्या पुढे पळतो. आणि त्यांनी जी कोंकणी लिहिली ती मुख्यतः हिंदू सारस्वत घरांतली, देवनागरीत. त्या पुस्तकाच्या नावातलाच 'लो' बघा, माझी मैत्रीण म्हणते त्यांच्या घरी 'चो' म्हणतात. ज्या ख्रिस्ती कष्टकऱ्यांनी रोमन लिपीत नाटकं-वर्तमानपत्रं चालवून भाषा जगवली, ते पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्यात फक्त देवनागरीचं नाव आल्यावर दुखावले, आणि ते दुखणं अजून गेलेलं नाही. जो माणूस एका भाषेला मोठ्या भाषेच्या सावलीतून बाहेर काढतो, त्याच्याही हातून आत कोणीतरी सावलीत जातं. आयर्लंडमध्येही तेच झालं म्हणतात. शाळेत पुस्तकातून शिकलेल्या मुलांची आयरिश पश्चिम किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना परकी वाटते. तरी शिकणारी मुलं आहेत हे महत्त्वाचं. २०२२ च्या जनगणनेत तिथे सुमारे १९ लाख लोकांनी आयरिश येते असं सांगितलं, पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे निघाले फक्त ७२ हजारांच्या आसपास. येणं आणि बोलणं यात एवढी दरी! व्हायवाला जाणाऱ्या कोणालाही ती समजावून सांगायला नको.

शणै गोंयबाब ९ एप्रिल १९४६ रोजी मुंबईत वारले. वय ६८. तेव्हा गोव्यात सालाझारचं राज्य होतं, कोंकणीला कसलाही दर्जा नव्हता. नावात विजय असलेल्या पुस्तकाला सोळा वर्षं झाली होती आणि विजय कुठे दिसत नव्हता. बरोबर सव्वादोन महिन्यांनी, १८ जूनला, मडगावात डॉ. लोहियांची सभा झाली आणि गोवा पेटला. त्या वेळी एकवीस वर्षांचा असलेला एक मुलगा शिक्षण सोडून चळवळीत गेला, रवींद्र केळेकर. आपल्याच वयाचा. त्याने गोंयबाबांना वाचलं होतं. पुढे त्याने आयुष्य कोंकणीत लिहिण्यात घालवलं, आणि २००६ सालचं ज्ञानपीठ त्याला मिळालं, कोंकणीचं पहिलं. मधल्या पायऱ्या पटापट सांगते. १९६७ चा जनमत कौल, ज्यात गोवा महाराष्ट्रात विलीन होता होता राहिला. १९७५ साली साहित्य अकादमीची मान्यता. १९८७ साली राजभाषा. आणि १९९२ साली घटनेची आठवी अनुसूची. २०११ च्या जनगणनेत कोंकणी बोलणारे साडेबावीस लाख आहेत. यातलं गोंयबाबांनी काहीही पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, हिचं आगरी आणि कोंकणी यांचा संबंध काय? आगरी ही वेगळी भाषा आहे असा माझा दावा नाही. ती मराठीचीच आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण आमच्या पट्ट्यातली ९५ गावं सिडकोत गेली. रोडपालीत भातशेतीच्या जागी टॉवर आले, सेक्टर आले. जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के तरी मिळाले, त्यासाठी १९८४ साली जासईला माणसं गोळ्या खाऊन मेली. बोलीचे टक्के कोणी मागितले नाहीत. आता रील्सवर आगरी चालते, हळदीच्या गाण्यांवर सगळी नवी मुंबई नाचते, कॉलेजच्या गॅदरिंगमध्येसुद्धा. पण ती विनोदापुरती. गावातली माझ्या वयाची मुलं घरात मराठी-हिंदी बोलतात आणि आगरी फक्त मस्करी करताना काढतात. मीही त्यातलीच.

माझी आजी धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण लावते, प्रत्येक विधीचा धवला असतो आणि ती तो तोंडपाठ गाते. मांडवाचा वेगळा, हळदीचा वेगळा. हे कुठेही लिहिलेलं नसतं. आता हळदीला डीजे असतो, आजीला कोणी बोलावत नाही, आणि ती ८१ वर्षांची आहे. गोंयबाबांचं वाचून झाल्यावर मे महिन्यात मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. तिला आधी वाटलं मी कॉलेजचं काहीतरी प्रोजेक्ट करतेय आणि मार्क मिळणार आहेत, म्हणून ती उत्साहाने गायली. मार्क नाहीत कळल्यावर ती जरा गप्प झाली, मग म्हणाली की मग कशाला लिहितेस. मला उत्तर देता आलं नाही, मी फक्त रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

लिहायला बसल्यावर कळलं की नादशास्त्र आधी का लागतं. आजी काही शब्दांचा शेवट असा काढते की तो काना आहे की अनुस्वार हे दहा वेळा ऐकूनही मला ठरवता येत नाही. एकाच धवल्यात तोच शब्द मी तीन तऱ्हांनी लिहिला आहे. डिचोलीच्या मैत्रिणीला वही दाखवली. ती पहिल्या पानावर बापूस या शब्दाशी थांबली आणि म्हणाली की त्यांच्याकडे बापूय म्हणतात. मग आम्ही दोघी इंटर्नलचा अभ्यास सोडून तासभर शब्दच जुळवत बसलो.

आतापर्यंत २३ पानं झाली आहेत. आजीला वाचता येत नाही, म्हणून रात्री जेवणं झाली की मी तिला वाचून दाखवते आणि ती चुका काढते. काल मांडवाचा धवला वाचत होते. चौथ्या ओळीला ती खुदकन हसली. मी लिहिताना बरोबर लिहिलं होतं, पण वाचताना माझ्या तोंडून 'ळ' आला होता.